कोहळ्याला पुरुषाचा हात

२४ ऑक्टोबर

मथुरा आज दोडामार्गला गेली. आमच्या अक्षयाचं पहिलं बाळंतपण आहे. बाळ नोव्हेंबरच्या मध्यावर येईल असं डॉक्टर म्हणतात. जावईबापू ओंकार रोज गोव्यात कारखान्यात जातात, घरात दुसरं कोणी नाही, तेव्हा आईने जायलाच हवं. याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार विळीबद्दल आहे. साड्या, बाळंतविडा, ओव्याचा डबा हे समजू शकतो, पण बाईसाहेबांनी स्वयंपाकघरातली विळीसुद्धा गोणपाटात गुंडाळून घेतली. दोडामार्गात विळ्या मिळत नाहीत काय, असं विचारलं तर म्हणाली, हाताला बसलेली आहे. मी म्हटलं, नवराही हाताला बसलेलाच आहे, तो तेवढा इथे ठेवून चाललीस. शेजारचा मिंगेल तिला स्टँडवर सोडायला रिक्षा घेऊन आला होता, तो खो खो हसला. मथुरा हसली नाही. ती कधीच हसत नाही. चांगल्या विनोदाची आमच्या घरात अशी माती होते.

निघण्याआधी तिने मला परसात फिरवून सगळं समजावलं. कुठे मुळा, कुठे तांबडी भाजी, मिरचीला पाणी किती, वालाला काठी केव्हा. मी नोकरीभर सगळ्या तालुक्याच्या जमिनी मोजल्या. चार वाफ्यांसाठी मला शिकवणी नको, असं मी तिला सांगितलं. ती मुकाट रिक्षात बसली. बाळ सव्वा महिन्याचं झालं की परत येते म्हणाली, म्हणजे डिसेंबरअखेर.

विहिरीमागच्या मांडवावर तिने पावसात चढवलेला कोहळ्याचा वेल आहे. पाच कोहळे लागलेत. त्यांना मी हात लावणार नाही. सांडगे घालायचे ते तिने, फक्त पहिला घाव माझा. बाईमाणसाने अखंड कोहळ्यावर सुरी चालवायची नसते. घरच्या पुरुषाने आधी दोन फाकी करून द्यायच्या, मग तिने पुढचं बघायचं. आजे-पणजांपासून आमच्याकडे असंच चालत आलंय. वर्षभर स्वयंपाकघरात मला कोणी विचारत नाही, पण त्या दिवशी मला हाक मारून बोलावतात. मी लगेच उठत नाही. आधी पेपर वाचून संपवतो.

२९ ऑक्टोबर

मथुराचे वाफे म्हणजे वाकडेतिकडे, दारू पिऊन घातल्यासारखे. मी आज टेप लावली, खुंट्या ठोकल्या, सुतळी ताणली आणि चुन्याची फक्की टाकून हद्दी आखल्या. काटकोनात सहा वाफे निघाले. मिंगेल कुंपणाकडे उभा राहून बघत होता. म्हणाला, "दत्ता, हंय घर बांधतंस काय मुळे लावतंस?"

अडाण्यांशी वाद घालू नये. मुळा, तांबडी भाजी आणि वाल पेरले. अक्षयाला फोटो पाठवला आणि आईला दाखव म्हटलं. "छान" असं उत्तर आलं. आईचं की अक्षयाचं ते कळलं नाही.

६ नोव्हेंबर

मुळा उगवला. तांबड्या भाजीचा वाफा मात्र माझ्या टकलासारखा स्वच्छ आहे. सगळं बी मुंग्यांनी नेलं. काटकोनातून नेलं असणार, रस्ता आखलेलाच होता.

मिंगेलची बायको एस्पेरांसा राखेचं घमेलं घेऊन आली. बी राखेत कालवून पेरायचं आणि वाफ्याच्या कडेनेही राख टाकायची. हे तुला आधी माहीत होतं तर तेव्हाच का सांगितलं नाहीस, असं मी विचारलं. ती म्हणाली, मथुराने काल रात्री फोनवर सांगितलं, मुंग्यांकडे बघ म्हणून.

मथुराचा मलाही काल फोन आला होता. रक्तदाबाची गोळी घेतली का, एवढंच विचारून ठेवला. मुंग्यांचा विषय शेजारणीकडे आणि गोळीचा माझ्याकडे, अशी तिने कामाची वाटणी केलेली दिसते. शिस्त आहे, नाही म्हणत नाही.

१७ नोव्हेंबर

मुलगी झाली. दोघीही बऱ्या आहेत. मी आजोबा झालो आणि ही बातमी सांगायला घरात मांजरसुद्धा नाही. मिंगेलकडे जाऊन सांगितली. त्यांना अर्ध्या तासापूर्वीच कळली होती.

२३ नोव्हेंबर

दोडामार्गला जाऊन आलो. नात ओंकारवर गेली आहे, पण लहान आहे, सुधारेल. हे मी बोलून दाखवलं तेव्हा अक्षया हसली. मथुरा पाणी तापवायला आत निघून गेली.

एक गोष्ट लक्षात आली. मथुरा तिथे पुष्कळ बोलते. मी पायऱ्या चढत होतो तेव्हा आतून तिचा आवाज येत होता. शेजारची लविना म्हणून एक बाई रोज येऊन बसते. तिला ही काहीतरी सांगत होती आणि दोघी हसत होत्या. इतकं मोठ्याने हसताना मी तिला ऐकलं नव्हतं. मी दारात आलो आणि ती गप्प झाली, पदर सारखा केला, चहा ठेवायला उठली. नवऱ्याचा मान राखणं म्हणजे काय ते आताच्या मुलींनी बघण्यासारखं आहे.

येताना तिला म्हटलं, कोहळे मोठे झालेत. ती म्हणाली, देठ सुकला की उतरवा, ओल्यात ठेवू नका.

९ डिसेंबर

तांबडी भाजी आली. दाट आली. मुळे तर असे आलेत की मी एकटा किती खाणार? सकाळी मुळ्याची भाजी, रात्री मुळ्याच्या पाल्याची भाजी, मधल्या वेळी ढेकर. मिंगेलला रोज एक जुडी देतो. आता मी दिसलो की तो रिक्षा चालू करतो.

मिरच्याही भरपूर लागल्यात. मथुरा दरवर्षी भरून वाळवते, त्यात काय मोठंसं असतं, म्हणून मीच करायला घेतल्या. मिरचीला चीर द्यायची, मीठ-मेथी-धण्याची पूड भरायची, ताकात बुडवून उन्हात टाकायची. पोरखेळ. पाटीभर मिरच्या संपेपर्यंत दोन्ही हात पेटले. मग मी डोळा चोळला. यापुढचं लिहीत नाही.

१० डिसेंबर

मिरच्या रात्री अंगणातच राहिल्या. सकाळी पाहतो तर दवाने भिजून चिंब. संध्याकाळी ऊन उतरायच्या आत उचलायच्या असतात म्हणे. हे मला कोणी सांगितलं नाही. म्हणजे सांगितलं असेल त्या दिवशी, मी खुंट्यांचा विचार करत होतो.

१५ डिसेंबर

मिरच्यांना बुरशी आली. खड्ड्यात टाकल्या. दुसरी पाटी भरली. आता सूर्याबरोबर मीही उगवतो आणि मावळतो.

वालावर माकडं येऊन गेली. शेंगा खाल्ल्या ते खाल्ल्या, सुतळ्यासुद्धा तोडल्या. मोजणी अमान्य असलेले पक्षकार मी खूप पाहिलेत, पण इतके स्पष्ट कोणी नव्हते.

२८ डिसेंबर

सव्वा महिना झाला. सकाळी घर झाडून घेतलं, तांदूळ निवडून ठेवले, मांडवाखाली पडलेला पाला काढला. कोहळे उतरवून पडवीत कोरड्यात मांडलेत, चुना फासल्यासारखे पांढरेशुभ्र. मग फोन केला. मथुरा म्हणाली, अक्षयाची रजा संपत आलीय, पोर लहान आहे, जानेवारीत बघूया.

जानेवारीत बघूया. मी काय नवीन वर्षाचं कॅलेंडर आहे? असं म्हटलंही तिला. 

मग मी कोहळ्यांचं सांगितलं. पाचही उत्तम पिकलेत, मी सुरीला धार लावून ठेवली आहे, तू आलीस की घाव घालतो. ती म्हणाली, "तुमीच कापा नि करून टाका. नायतर मिंगेलाक द्या."

मिंगेलला द्या म्हणे. वरवर बोलते. उडदाची डाळ आणून ठेवतो. तिच्या हातचे सांडगे गावाला माहीत आहेत, आणि सांडगे घालायचे म्हणजे कोहळा कापायला माणूस लागणार. ओंकार सकाळी काळोखात घर सोडतो तो रात्री येतो. शेवटी तिला मीच लागणार आहे. पी हळद नि हो गोरी असं चालत नाही, थोडा धीर धरावा लागतो.

मिंगेलला ही पद्धत समजावून सांगितली. तो म्हणाला, आमच्या घरात बायलो कापतत. मी विचारलं, मग काय होतं? म्हणाला, "काय होतला? दोन कुडके होतत."

१४ जानेवारी

संक्रांत. वाडीतली काशीबाई तिळगूळ द्यायला आली आणि मथुरा अजून कशी नाही, असं विचारून गेली. मी म्हटलं, नातीला मराठी शिकवते आहे. काशीबाई हसली नाही, उलट माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. हल्ली गावात विनोदाची जाण राहिलेली नाही.

तिळगूळ एकट्याने खाल्ला. घर खायला उठतं असं लोक म्हणतात ते मला अतिशयोक्ती वाटायचं.

२२ जानेवारी

मिंगेलकडे जेवायला गेलो होतो. माशांची कढी, भात आणि बाजूला तळलेले सांडगे. पहिला तोंडात टाकला आणि चव लगेच ओळखली. तेवढंच हिंग, तेवढेच तीळ. मथुराचे सांडगे. एस्पेरांसा म्हणाली, कालच आले, ओंकारचा कोणी मित्र इकडे कुडाळला येत होता त्याच्याबरोबर पाठवले. तिथे लविनाच्या गच्चीवर दोघी मिळून करतात, आता म्हापशाच्या बाजारातही देतात. भरलेल्या मिरच्या, लिंबाचं लोणचं, सगळंच.

मला यातलं काही माहीत नव्हतं. गोळी घेतली का, एवढंच मला माहीत होतं.

घरी येऊन अक्षयाला फोन केला. म्हटलं, जावईबापूंना कोहळे कापायला बरी सवड मिळते.

ती म्हणाली, "त्येंनी नाय कापल्यानी, बाबा. आयेन कापल्यान."

मी म्हटलं, पहिला घाव कोणाचा?

"तिचोच. विळी घेऊन बसली नि कापल्यान. कोणाक हाक मारूक नाय."

२३ जानेवारी

बायकोने अखंड कोहळा कापला तर घरच्या पुरुषावर संकट येतं म्हणतात. सकाळी उठून तपासलं. रक्तदाब ठीक. भूक ठीक. गुडघा आधीपासूनच दुखतो. मला काहीही झालेलं नाही.

याचाच सगळ्यात जास्त राग आला.

२ फेब्रुवारी

दहा दिवस कोणाशी बोललो नाही. पाणी घालत होतो तेवढंच. मिरचीची रोपं वाकली होती त्यांना काठ्या दिल्या. वाफ्यांच्या फक्कीच्या रेषा कधी पुसल्या गेल्या ते समजलं नाही, आणि वांग्याची रोपं मी आता ऊन बघून लावतो, टेप बघून नाही.

आज कोहळा कापला. अर्धं मिनिट लागलं. दोन फाकी झाल्या आणि मी सवयीने सुरी खाली ठेवून उठलो. उठल्यावर लक्षात आलं की पुढचं करायला कोणी नाही. परत बसलो.

साल काढायची, बिया काढायच्या, किसायचं. किसणी हाताला लागते. दुपारपर्यंत एकच कोहळा किसून झाला आणि चार बाकी. पाणी पिळायचं की ठेवायचं ते माहीत नव्हतं. एस्पेरांसाला विचारलं तर तिलाही खात्री नव्हती, म्हणून तिने तिथल्या तिथे दोडामार्गला फोन लावला. मी भिंतीला टेकून उभा होतो. फोनमधून मथुराचा आवाज स्पष्ट येत होता. पिळून घे, पण पाणी टाकू नको, त्याच पाण्यात डाळ वाट. मिरची आधी नको, मीठ शेवटी. सगळं सावकाश, न अडखळता सांगत होती. कोण करतंय ते तिने विचारलं नाही आणि एस्पेरांसाने सांगितलं नाही. शेवटी एस्पेरांसाने मला खुणेने विचारलं, बोलतोस का? मी म्हटलं, हात भरलेत.

हात धुता आले असते.

५ फेब्रुवारी

सांडगे वाळताहेत. ऊन आहे तोवर राखण करतो, ऊन कलायच्या आधी आत नेतो. कावळ्यांशी ओळख झाली आहे. आकार एकसारखे नाहीत. काही बोराएवढे, काही भाकरीचे नातेवाईक.

मथुरा इतकी वर्षं हे करत असताना मी काय करत होतो, असं आज मनात आलं. पेपर वाचत होतो.

१५ फेब्रुवारी

सांडगे तळून बघितले. दोन करपले, तिसरा बरा निघाला. अक्षयाला फोन करून ही ऐतिहासिक घटना कळवली. तिने नीट ऐकून घेतलं. मग मी म्हटलं, तुझी आई आता तिथे कारखानदार झाली, इकडे कशाला येते!

अक्षया म्हणाली, "बाबा, तुमी तिका कधी ये म्हणान सांगलास?"

मी म्हटलं, सांगायचं काय त्यात? घर तिचं आहे. एसटी रोज आहे.

"तरी सांगलास काय?"

मी पुन्हा काहीतरी बोललो. चांगलंच बोललो होतो, पण ती हसली नाही. पोरगी आईवर चालली आहे.

२१ फेब्रुवारी, दोडामार्ग

मिंगेलला परसाची राखण सांगून सकाळच्या एसटीने निघालो. पिशवीत तांबड्या भाजीच्या जुड्या, वांगी, भरलेल्या मिरच्या आणि सांडग्यांचा डबा. वाटेत भाजीवर तीनदा पाणी शिंपडलं. शेजारी बसलेल्या बाईने विचारलं, विकायला नेताय? मी म्हटलं, नाही, दाखवायला.

नात झोपली होती. अक्षया कामावर गेली होती. मथुरा गच्चीवर आहे असं लविनाने खालूनच सांगितलं आणि ती स्वतः वर आली नाही. मथुरा साडीचा जुना तुकडा पसरून त्यावर सांडगे घालत बसली होती. मला बघून उठू लागली. मी बस म्हटलं आणि मीही बसलो. डबा पुढे केला. तिने एक सांडगा मोडून तसाच कच्चा जिभेवर ठेवला.

"मीठ बरा आसा," ती म्हणाली. मग विचारलं, "किसल्यान कोणी?"

"मी."

तिने माझ्या हातांकडे बघितलं. बोटांवरच्या जखमा आता सुकल्यात, पण दिसतात. मग सांडगे घालत राहिली. सगळे एकाच आकाराचे पडत होते.

मी म्हटलं, पोर आता तीन महिन्यांची झाली, तू घरी कधी येणार? तिने हातातलं पीठ संपवलं, बोटं पुसली आणि खाली बघूनच बोलली. आवाज चढवला नाही, रागही दिसला नाही. मोठ्याने भांडली असती तर मला उत्तर सुचलं असतं.

"हंय मी बोलतंय तेव्हा माका कोण हसणा नाय," ती म्हणाली. "थंय मी तोंड उघडूच्या आदी इचार करतंय, आता हे काय बोलतले. मगे बोलणाच नाय. तुमी वायट माणूस नाय. पण माका दमाक होता."

माझ्या जिभेवर लगेच उत्तरं आली. म्हापशाच्या शेठाणीबद्दल एक होतं, विळीबद्दल एक होतं, ते तर फारच चांगलं होतं. मिंगेल असता तर पोट धरून हसला असता. मी ती गिळली. आम्ही दोघं वाळणाऱ्या सांडग्यांकडे बघत बसलो. मला भीती वाटत होती. ही इथेच राहील आणि मी तिथे वांग्यांना पाणी घालत म्हातारा होईन, असं वाटत होतं.

शेवटी म्हटलं, "तू नाय तर माका घरात बरा वाटणा नाय. तू ये."

तिचा हात पिठाच्या भांड्यावर थांबला. तिने मान वर केली आणि माझ्याकडे बघत राहिली. मला आधी वाटलं तिला ऐकू आलं नाही. मग कळलं, ती वाट बघत होती. वाक्याचा पुढचा भाग यायचा आहे असं तिला वाटत होतं. तो नेहमी येतो.

"फुडे?" तिने विचारलं.

"फुडे काय नाय."

तरी ती आणखी थोडा वेळ थांबली. मग तिने परत पीठ घेतलं आणि म्हणाली, "शिमग्याक येतंय. चार दीस. मगे बघूया."

मी बरं म्हटलं आणि तोंड मिटून बसलो.